आईला आम्ही 'कावीळ' सांगितली होती

कृष्णाकाठ

गेल्या आठवड्यात आईचं वर्षश्राद्ध झालं. माणसं जेवून गेली, मागची आवराआवर चालली होती आणि मामी ताटं विसळता विसळता म्हणाली, "एक बरं झालं गं, शेवटपर्यंत तिला काही कळू दिलं नाहीत. सुखाने गेली." मला तिथे काही बोलता आलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आई ६७ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. फाल्गुनात तिचे डोळे पिवळे दिसायला लागले, अंगाला खाज सुटली. आधी गावातच काविळीचं औषध घेऊन झालं. मग साताऱ्याला सोनोग्राफी, पुण्याला सीटी स्कॅन. स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी गाठ, तिने पित्ताची नळी दाबून टाकलेली, आणि यकृतातही पसरलेलं. डॉक्टरांनी भावाला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. आई बाहेर बाकावर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. दाराच्या काचेतून मला तिचा अंबाडा दिसत होता. ऑपरेशनचा उपयोग नाही, दुर्बिणीतून नळी घालून कावीळ उतरवू, झेपली तर केमो देऊ, पाच-सहा महिने धरून चाला, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर भाऊ पहिलं वाक्य बोलला ते हे: "आईला यातलं काही सांगायचं नाही. हाय खाईल ती." मी मान डोलावली. डॉक्टरांनीही डोलावली. केमो घेतली तर केस जातील आणि तिला कळेल, म्हणून ती नकोच, हेही तिथेच ठरलं. दोन मिनिटं लागली असतील.

तिला सांगितलं, कावीळ आहे, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, कावीळ उतरली की खडे काढायचे. आणि मग ते खोटं आम्हाला रोज जगवावं लागलं. कावीळ म्हटलं की पथ्य आलं. तेल नाही, तूप नाही, हळद नाही, तळलेलं नाही. मऊ भात, ताक, फुलका, उसाचा रस. डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले होते की नळी बसलीय, आता त्यांना जे आवडेल, जे पचेल ते खाऊ द्या. पण आईने आयुष्यभर नियम पाळले आणि पोरांकडून पाळून घेतले. तिने वहीत पथ्याचं पान केलं आणि त्यावर रोज बरोबरची खूण करायला लागली.

अक्षय्य तृतीयेला भावाने रत्नागिरीहून पेटी आणली. नळीमुळे कावीळ उतरली होती, तिला थोडी भूक लागत होती. आईने स्वतः पेटी उघडली, पेंढा बाजूला सारला, एक हापूस देठापाशी हुंगला आणि परत जागेवर ठेवला. "माझ्या वाटणीचा पुढच्या वर्षी. खडे निघाले की." मी म्हटलं, डॉक्टर चालेल म्हणालेत. तर म्हणाली, "काविळीत आंबा? कुठले डॉक्टर गं हे?" आम्ही दिलेल्या आजारावर तिचा आमच्यापेक्षा जास्त विश्वास बसला होता. मी कणीक मळत राहिले.

श्रावणात ती गेली. चार महिने तिने अळणी, बेचव जेवण जेवलं, एका अशा आजारासाठी जो तिला नव्हताच.

तुमच्याकडे काय झालं? सांगितलंत की लपवलंत? मला दोन्ही बाजूंचं ऐकायचंय.

पांढरं_सोनं

ताई, वाचून गलबलून आलं. पण मी तुमच्या भावाच्या बाजूने बोलतो. आमचे आजोबा ८६ वर्षांचे होते, फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. शेवटपर्यंत त्यांच्यासमोर कोणी ते नाव काढलं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बांधावर खाट टाकून बसायचे, बायांच्या गाठोड्यांची मोजणी बघायचे. एका पहाटे गेले. सांगून काय साधलं असतं? एवढ्या वयात त्या शब्दाचं ओझं कशाला द्यायचं? आणि एक सांगतो, आजोबांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरला म्हटलं होतं, "जे काही असंल ते पोराले सांगा. मले फक्त दुखू देऊ नका."

कृष्णाकाठ

@पांढरं_सोनं, तुमचं शेवटचं वाक्य मी चारदा वाचलं. आजोबांनी स्वतः सांगितलं, मला नको, पोराला सांगा. म्हणजे तुमच्याकडे लपवलं गेलंच नाही. त्यांनी ऐकायचं नाही असं ठरवलं आणि तुम्ही त्यांचा मान राखलात. आईला आम्ही विचारलंच नाही. केमो नको हे आम्ही ठरवलं, आंबा नको हे आमच्या खोट्याने ठरवलं. माझी बोच ती आहे.

मांडवीतीर

आमच्या घरात त्याला 'तो रोग' म्हणत. मामंजींना वाचता येत होतं, हे मात्र सगळे विसरले होते. वॉर्डाच्या दारावरची पाटी त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती. आम्ही रोज खोटं बोलायचो, ते रोज मान हलवायचे.

उजळणी

मी पलीकडच्या बाकावरची. माझ्यापासूनच लपवलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी, वय ४१. डाव्या स्तनात गाठ. ऑपरेशन झालं. नवरा, सासूबाई, माझा सख्खा भाऊ, सगळ्यांनी सांगितलं, साधी गाठ होती, काढून टाकली. पुन्हा होऊ नये म्हणून 'ताकदीची सलाईन' घ्यायचीत, एवढंच. पहिल्या सलाईनला गेले तर मोठी खोली, दहा-बारा खुर्च्या, प्रत्येकीच्या हाताला सुई. शेजारच्या खुर्चीतल्या बाईच्या डोक्याला स्कार्फ होता. तिने माझ्याकडे बघून अगदी मायेने विचारलं, "ताई, तुमची कितवी केमो?"

नवरा खाली औषधं आणायला गेला होता. तो वर येईपर्यंत त्या बाईने मला सगळं सांगितलं. किती वेळा असते, केस कधी जातात, तोंड आलं तर काय करायचं, शहाळ्याचं पाणी कधी प्यायचं. माझा हात धरून बसली होती. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी मला एका अनोळखी बाईने दिली, आणि खरं सांगते, तिने फार चांगली दिली. तिचं नावही मला माहीत नाही.

नवऱ्यावर मी दोन महिने चिडले होते. तो वाईट नाही, तो बाथरूममध्ये नळ सोडून रडायचा हे मला नंतर कळलं. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की घरातल्या प्रत्येकाला माझ्या शरीराबद्दल माहीत आहे आणि मला नाही. मी खोलीत आले की बोलणं थांबायचं. मला वाटायचं, माझ्या स्वयंपाकाबद्दल काही बोलतात की काय. कृष्णाकाठ, तुमच्या आईलाही खोलीतलं थांबलेलं बोलणं ऐकू आलं असेल. तुम्हाला दुखवायला लिहीत नाहीये, पण ते ऐकू येतं.

निशीकसाई

धागा वाचून राहवलं नाही. मी १४ वर्षं तोक्योत आहे. लपवण्याची रीत फक्त आपल्याकडचीच असं मला वाटायचं, इथे आल्यावर कळलं की जपानमध्ये ती सम्राटापर्यंत पोचली होती.

सप्टेंबर १९८७ मध्ये सम्राट हिरोहितोंवर आतड्याची शस्त्रक्रिया झाली. देशाला सांगितलं, स्वादुपिंडाला जुनाट सूज आहे. मूळ आजार होता आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला, स्वादुपिंडाजवळचा कॅन्सर, आणि तो खुद्द सम्राटांनाही सांगितला नव्हता. पुढच्या वर्षी सप्टेंबरात त्यांना रक्ताची उलटी झाली. तिथून पुढे रोज बातम्यांत त्यांचा ताप, रक्तदाब, किती रक्त चढवलं याचे आकडे. लोकांनी सण-उत्सव रद्द केले. सगळा देश आकडे ऐकत होता, आजाराचं नाव अधिकृतपणे सांगितलं गेलं ते ७ जानेवारी १९८९ ला ते गेल्यावर.

दुसरी गोष्ट कृष्णाकाठ यांच्या आईच्या खड्यांवरून आठवली. १९८३ साली नागोयात एका नर्सबाईंच्या पित्ताशयात डॉक्टरांना कॅन्सरचा संशय आला. त्यांनी तिला सांगितलं, खडे आहेत, भरती व्हा, ऑपरेशन करू. आता खडेच आहेत म्हटल्यावर बाईंना घाई वाटली नाही. ठरलेली सिंगापूरची सहल करून आल्या आणि भरती होणं पुढे ढकललं. काही महिन्यांत आजार हाताबाहेर गेला, वर्षअखेरीला त्या गेल्या. घरच्यांनी खटला भरला. तो १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला आणि निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. त्या काळी कॅन्सर न सांगणं हीच वैद्यकातली रीत होती, असं धरलं गेलं. एक नर्स, जी खरं नाव ऐकून दुसऱ्या दिवशी बॅग भरून आली असती, ती खडे ऐकून सहलीला गेली.

रीत बदलायला तेव्हा सुरुवात झाली होती. १९९३ च्या सप्टेंबरात इत्सुमी मासाताका या टीव्हीवरच्या लोकप्रिय निवेदकाने पत्रकार परिषद घेऊन स्वतःचा कॅन्सर जाहीर केला. डिसेंबरात ते गेले, पण तो प्रसंग इथल्या वयस्कर माणसांना अजून आठवतो. आज इथे डॉक्टर पेशंटला समोर बसवून सांगतात. माझ्या शेजारच्या आजोबांना तसंच सांगितलं. त्यांनी घरी येऊन पहिल्यांदा बोन्सायच्या कुंड्या कोणाला कुठली द्यायची याची यादी केली.

स्पष्टच

सगळे सांगायच्या बाजूने लिहितायत म्हणून मी दुसरं लिहिते. माझ्या मिस्टरांना सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे काय, तर कॉरिडॉरमध्ये, स्ट्रेचरवर असताना, एका तरुण डॉक्टराने फाईल चाळत: "काका, चौथी स्टेज आहे, आता फार काही करण्यासारखं नाही." आणि तो पुढच्या पेशंटकडे गेला. मिस्टरांनी त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड केलं. जेवण सोडलं. फिजिओला हात लावू देईनात. १९ दिवसांत गेले. मला कोणी विचारलं तर मी सांगते, लपवा. काय वाट्टेल ते करा पण लपवा. तुम्ही भिंतीकडे वळलेला माणूस बघितलेला नाही.

साधा_डॉक्टर

@स्पष्टच, तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत जे झालं त्याला मी 'सांगणं' म्हणणार नाही. हातातलं ओझं खाली टाकून निघून जाणं होतं ते. आमच्या पेशातल्या माणसाने केलं, म्हणून मी मनापासून माफी मागतो.

मी तालुक्याच्या गावात सर्जन आहे, २६ वर्षं. दर आठवड्याला हे घडतं. पेशंट तपासणीच्या टेबलावरून उतरून चप्पल शोधत असतो, तेवढ्यात मुलगा मागे उभा राहून मला हाताने खूण करतो. किंवा आधीच फोन येतो, "डॉक्टर, अण्णांना घेऊन येतोय, त्यांच्यासमोर काही बोलू नका." या माणसांना मी कधी दोष दिला नाही. सगळं प्रेमापोटी असतं.

पण आपल्या नियमांनीही पळवाट ठेवलीय. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलंय की आजाराचं गांभीर्य डॉक्टराने फुगवूही नये आणि कमीही करून सांगू नये. पुढे म्हटलंय, त्याची कल्पना रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना 'किंवा' जबाबदार मित्रांना असल्याची खात्री करावी. त्या 'किंवा'त अख्खा देश मावतो. माझ्यासारखे डॉक्टर वर्षानुवर्षं मुलाला सांगून मोकळे झालो. दुसरीकडे संमतीचा कायदा वेगळं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका खटल्यात स्पष्ट केलं की रुग्ण सज्ञान आणि स्वतः निर्णय घेण्याजोगा असेल, तर नेहमीच्या परिस्थितीत त्याच्या वतीने आईने दिलेली संमतीही चालत नाही. मग जो आजार त्याला माहीतच नाही, त्याच्या उपचाराला तो संमती कशी देणार? अंगठा खड्यांसाठी आणि ऑपरेशन कॅन्सरचं, असे कागद मी पाहिलेत. माझ्या हातूनही झालेत.

अमेरिकेतले डॉक्टर पूर्वीपासून सांगत आलेत असाही समज आहे. १९६१ मध्ये शिकागोच्या २१९ डॉक्टरांना विचारलं तेव्हा ९० टक्के म्हणाले होते, आम्ही कॅन्सर सांगत नाही. १९७९ मध्ये तीच प्रश्नावली एका विद्यापीठाच्या इस्पितळात फिरवली, तर ९७ टक्के म्हणाले, सांगतो. मधल्या १८ वर्षांत उपचार सुधारले, संमतीचे खटले झाले, रुग्ण प्रश्न विचारू लागले. माणसाचं मन काही १८ वर्षांत बदललं नसेल.

शब्दांकित

एक जुना संदर्भ. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, शेवटच्या अध्यायात वैद्याला सांगितलंय की मृत्यूची लक्षणं दिसत असली तरी विचारल्याशिवाय ती बोलू नयेत. आणि विचारलं तरी, जिथे सांगितल्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला आघात होईल, तिथे सांगू नये. लपवण्याच्या बाजूने हे वचन नेहमी फेकलं जातं. माझं म्हणणं, ते नीट वाचा. एक तर ते येऊ घातलेल्या मृत्यूबद्दल आहे, रोगाच्या नावाबद्दल नाही. आणि पहिली अट 'न विचारता' ही आहे. म्हणजे चरकाच्या डोळ्यासमोर विचारणारा रोगी आहे. आपल्याकडे त्याला विचारायची संधीच मिळत नाही, कारण केबिनमध्ये त्याला नेतच नाहीत.

तळ्यातमळ्यात

मी इथे फक्त वाचत असते. पण काल माझ्या वडिलांचा बायॉप्सीचा रिपोर्ट आला. आतड्याचा कॅन्सर, लिंफ नोडमध्ये गेलाय, अजून बाहेर पसरलेला दिसत नाही. वडील ७१, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. त्यांना वाटतंय मूळव्याध आहे. रिपोर्ट माझ्या पर्समध्ये आहे. कालपासून मी ती पर्स घरातही खांद्यावरून काढलेली नाही. मोठे काका म्हणतात, टाटाला न्यायचं नाही, परळचं नाव काढलं की त्याला कळेल, इथेच बघू. परवा डॉक्टरांची वेळ आहे. मी काय करू?

उजळणी

पर्स आधी खाली ठेव बाळा. आणि आज जेव.

मांडवीतीर

काकांना माझं हात जोडून सांगणं आहे. आम्ही नेमकं हेच केलं. टाटाचं नाव नको म्हणून दोन महिने चार ठिकाणी फिरलो. महाराष्ट्र-गोव्यात त्या नावालाच आजाराचं नाव लागलंय, १९४१ पासून ते इस्पितळ उभं आहे, कोणाला माहीत नाही? पण आमचे ते दोन महिने परत मिळाले नाहीत.

साधा_डॉक्टर

@तळ्यातमळ्यात, तुम्ही जे लिहिलंय त्या टप्प्यावर बऱ्याचदा बरं करण्याच्याच हेतूने उपचार होतात. तुमचे डॉक्टर नेमकं सांगतील, पण वाट बघू नका, फिरवाफिरवीही नको.

बोलायचं कसं, यासाठी आम्हाला अलीकडे शिकवतात. सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० साली मांडली गेली, ती आता जगभर वापरतात. मी माझ्या भाषेत सांगतो. दार लावा, टीव्ही बंद करा, बसून बोला. उभ्याने नको. आधी विचारा, "बाबा, तुम्हाला काय वाटतंय, कशाने होतंय हे?" थांबा. ते बोलतील. मग विचारा, "रिपोर्ट आलाय. सगळं तुम्हाला ऐकायचंय, की मी आणि डॉक्टर बघून घेऊ?" हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ते 'तुम्हीच बघा' म्हणाले तर तोही त्यांचा निर्णय, वर पांढरं_सोनं यांच्या आजोबांसारखा. ऐकायचंय म्हणाले तर आधी एवढंच म्हणा, "आपल्याला हवा होता तसा नाही आला." मग नाव सांगा. गाठ, जखम, सूज नको, नाव. आणि मग गप्प बसा. ही पायरी सगळ्यांना अवघड जाते, मलाही. माणूस गप्प झाला की आपण घाबरून बोलत सुटतो. बोलू नका. पाण्याचा तांब्या जवळ ठेवा. आणि तुम्ही त्यांना सोडून कुठे जाणार नाही, हे त्यांना दिसू द्या. @स्पष्टच यांच्या मिस्टरांना मिळालं नाही ते हेच.

स्पष्टच

डॉक्टर, वाचलं. माझ्या मिस्टरांना कोणीतरी बसून सांगायला हवं होतं. मी माझं वरचं 'लपवा' मागे घेत नाही अजून, पण वाचलं.

रात्रपाळी

मी नर्स आहे, उपशामक सेवेत, म्हणजे दुखणं कमी करणं आणि माणसाला सोबत देणं. आपल्याकडे हे काम नवीन नाही, वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. पण आमचा बोर्ड बघून नातेवाईक गाडीतून उतरत नाहीत. "इथे आणलं तर त्यांना कळेल." मग माणूस घरी कळवळत राहतो. मॉर्फिन द्यायची वेळ आली तरी, गोळीचं नाव कळेल म्हणून साध्या गोळीवर ठेवतात. अमेरिकेत १५१ फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर २०१० मध्ये अभ्यास झाला. सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचं जगणं बरं गेलंच, आणि ते जास्त जगलेही, ८.९ महिन्यांच्या जागी ११.६. लपवाछपवीत माणूस यालाच मुकतो.

रात्री अडीचला पेशंट जागे असतात. तेव्हा नातेवाईक खुर्चीत झोपलेले असतात. त्या वेळी मला किती जणांनी हळू आवाजात विचारलंय, "सिस्टर, माझं ते तेच आहे ना?" मी विचारते, तुम्हाला काय वाटतं? तर म्हणतात, "तेच आहे. पण पोराला बोलू नका हां, त्याला वाटतंय मला माहीत नाही."

पांढरं_सोनं

परत आलो. वरचं सगळं वाचून दोन दिवस डोक्यात तेच चाललंय. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे आत्माराम गावंडे अमेरिकेत सर्जन होते. त्यांच्या मणक्यात गाठ निघाली तेव्हा मुलाने, म्हणजे डॉ. अतुल गावंडे यांनी, त्यांना समोर बसून विचारलं की तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, काय गेलं तर जगणं नको वाटेल. हे त्यांनी २०१४ च्या 'बीइंग मॉर्टल'मध्ये लिहिलंय, पुढच्या वर्षी त्यावर अमेरिकेत माहितीपटही आला. मुलगा स्वतः डॉक्टर, बापही डॉक्टर, तरी विचारायला जड गेलं. मग आपलं काय. मी आजोबांना तेवढं विचारलं असतं तर, असं आता वाटतंय. फक्त दुखू देऊ नका, एवढंच त्यांनी मागितलं होतं. ते तरी पुरतं देता आलं का आम्हाला, माहीत नाही.

शब्दांकित

उपचार कुठे थांबवायचे हे आधीच लिहून ठेवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला मान्य केला, जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. पण आजारच माहीत नसलेला माणूस काय लिहून ठेवणार? घर, शेत, नॉमिनी, हे तर वेगळंच.

तळ्यातमळ्यात

सांगितलं.

काल संध्याकाळी. काकांना मी फोनवर आधीच सांगितलं की मी विचारणार आहे, ते रागावले, पण आले नाहीत. आईला बाजूला बसवलं. टीव्ही बंद केला तर बाबा म्हणाले, "बातम्या राहू दे की." मी म्हटलं, नको. मग विचारलं, काय वाटतंय तुम्हाला? म्हणाले, "मूळव्याधीला कोणी पोटाचं स्कॅन करत नाही. ३३ वर्षं तिकिटं फाडली, माणसाचं तोंड बघून कळतं कोण विनातिकीट आहे. तू दोन दिवस तशीच फिरतेयस."

ऐकायचंय का विचारलं. "माझंच आहे तर मलाच दे." मी नाव सांगितलं. मग डॉक्टरांनी लिहिल्यासारखी गप्प बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही, मागे कुकरची शिट्टी झाली तरी कोणी उठलं नाही. आई रडत होती. बाबा नाही रडले. त्यांनी दोनदा डोक्यावरून हात फिरवला. मग विचारलं, ऑपरेशन होईल का. मी म्हटलं, परळला जाऊन विचारू. "जाऊ," म्हणाले.

रात्री त्यांनी फाईल मागितली. चष्मा लावून सगळे कागद तारखेप्रमाणे लावले, पंचिंग करून दोरा बांधला. मी वर फक्त माझा नंबर लिहिला होता. त्यांनी त्याच्या वर स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि स्वतःचा नंबर. फाईल आता त्यांच्या उशाशी आहे. सोमवारी पहाटेच्या गाडीने निघतोय, खिडकीची जागा त्यांनी घेतलीय.

कृष्णाकाठ

@तळ्यातमळ्यात, सोमवारी काय झालं ते नक्की कळव. आणि आता बाजारात आंबा असेल तर त्यांना विचार, हवाय का.